सत्तेचाळिसावी जागा

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी मर्ना लिंडक्विस्ट डोंगरावर निघाली, तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर दोन जाड स्वेटर, कॉफीचा थर्मास आणि वाटेत घेतलेली सफरचंदांची पिशवी होती. वर वेधशाळेत कामाला जाताना ती गेली तीस वर्षं एवढंच सामान नेत आली होती. फरक इतकाच, की एरवी बहुधा दोघं मिळून यायची; या वेळी तिने सामान एकटीपुरतं बांधलं होतं आणि तरीही सफरचंदं दोघांच्या हिशेबाने घेतली होती. हे तिच्या लक्षात आलं ते घाटाच्या शेवटच्या वळणावर. तिने गाडी कडेला लावली, थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसली आणि मग पुन्हा निघाली.

तिचा नवरा ऑगस्ट मार्चमध्ये गेला होता.

दोघांचं काम एकच होतं, दीर्घिकांचे समूह शोधायचं. शेकडो दीर्घिका एकमेकींच्या ओढीने जिथे गोळा झालेल्या असतात, अशा जागा. त्यांच्या मधल्या पोकळीत वायू भरलेला असतो, कोट्यवधी अंश तापलेला. डोळ्यांना तो दिसत नाही, क्ष-किरणांत तेवढा दिसतो. तो वायू हुडकणं ऑगस्टकडे. उपग्रहाच्या चित्रात एखादा पुसट डाग सापडला की तो त्या जागेला नंबर द्यायचा. मग मर्ना इथे येऊन दुर्बिणीने त्याच जागेचे फोटो घ्यायची आणि तिथे खरंच दीर्घिका आहेत का ते बघायची. "मला धूर दिसतो, ही घर शोधून काढते," असं तो घरी आलेल्या पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

त्रेपन्न जागांची यादी होती. बावन्न झाल्या होत्या. राहिली होती फक्त सत्तेचाळिसावी.

मर्नाने त्या जागेचे तीनदा फोटो घेतले होते. तिन्ही वेळा नुसता काळोख. ऑगस्टकडे पुरावा म्हणून होते क्ष-किरणांचे अवघे एकतीस कण, सात तासांत एकेक करून येऊन पडलेले. मार्चमधल्या त्या संध्याकाळी, ती एकटीच डोंगरावर निघायच्या आधी, स्वयंपाकघरात दोघांची त्यावरून जुंपली होती.

"एकतीस कणांवर तू समूह उभा करणार?"

"एकतीस जण दार उघडून बाहेर आले, म्हणजे आत घर असणारच ना?"

"तुला हवंय म्हणून दिसतंय, ऑगी. म्हातारा झालास तू."

तो हसला नव्हता. तिनेही मागे वळून पाहिलं नव्हतं.

वेधशाळेत एल्विरा बारियोस तिची वाटच बघत होती. गेली बावीस वर्षं रात्री दुर्बीण चालवायचं काम एल्विराकडे होतं. कुठे वळवायची, घुमट कधी फिरवायचा, कधी बंद करायचा, सगळं तिच्या हातात. बुटकी, जाडजूड, जिभेला हाड नसलेली बाई. पण आज दारात तिने आधी मर्नाच्या हातातली सफरचंदांची पिशवी घेतली.

"वाळलीस ग फार," ती शेवटी म्हणाली. "मी मक्याचे गरम तमाले आणलेत. नाही म्हणालीस तर नरड्यात कोंबीन."

"कोंब," मर्ना म्हणाली.

दोघी हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. कारण आठ महिन्यांपूर्वीच्या त्या रात्री दोघी इथल्याच कंट्रोल रूममध्ये होत्या.

त्या रात्री अडीचच्या सुमाराला भिंतीवरचा फोन वाजला होता. एल्विराने उचलला आणि म्हणाली, घरून आहे, ऑगस्ट आहे. मर्ना पडद्यासमोर बसली होती. एका फोटोसाठीचं चाळीस मिनिटांचं एक्सपोजर नुकतंच चालू झालं होतं. नक्की सत्तेचाळीसचंच पुराण लावणार, असं तिच्या मनात आलं. मान न वळवता ती म्हणाली, "त्याला सांग, हे संपलं की करते." एल्विराने तसं सांगितलं. चाळीस मिनिटांनी मर्नाने फोन लावला, तर नुसता वाजत राहिला. झोपला असेल, असं तिला वाटलं. सकाळी शेजारणीला तो स्वयंपाकघराच्या फरशीवर सापडला, हातात फोन घेऊन. डॉक्टर म्हणाले, तासाभरात कुणी पोचलं असतं तर…

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं होतं. मर्नाच्या मनात ते आठ महिने रोज पुरं होत होतं.

आज शेवटची जागा. तिचा जुना विद्यार्थी कॉनराड आता पूर्वेकडच्या एका विद्यापीठात शिकवत होता. त्याने खटपट करून उपग्रहाचा वेळ मिळवला होता. आज रात्री अकरा तास उपग्रह वरून त्याच जागेकडे क्ष-किरणांत बघणार होता आणि खालून मर्ना दुर्बिणीने. काय ते एकदाचं कळेल, असं कॉनराड म्हणाला होता.

मध्यरात्रीपर्यंत काही विशेष घडलं नाही. हवा कोरडी आणि स्थिर होती. बाहेर पाइनच्या झाडांतून वारा येई आणि थांबे. मधूनमधून घुमट फिरायचा, तेव्हा सगळी इमारत खोल कण्हल्यासारखी वाजायची आणि मग इतकी शांत व्हायची, की यंत्रांच्या पंख्यांची घरघर कानाला टोचायला लागायची. मर्नाने पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. थंडी हाडांत शिरत होती.

अडीचला ती जागा पुरेशी वर आली. सप्तर्षींच्या पलीकडचा, पुसट ताऱ्यांचा ओसाड पट्टा. एल्विराने दुर्बीण वळवली. पहिला छोटा फोटो आला. मर्नाने तो मोठा करून पाहिला. कडेला दोन-चार तारे, मध्ये काळोख.

"काहीच नाही?" एल्विराने विचारलं.

"काहीच नाही." तिचा आवाज चिरकला. "एकदा तरी… एकदा तरी तो बरोबर निघायला हवा होता ग."

"मोठं एक्सपोजर घे. घाई कसली? मी कुठे चाललेय?"

तीन वाजून चार मिनिटांनी चाळीस मिनिटांचं एक्सपोजर चालू झालं. पडद्यावर सेकंद मोजले जाऊ लागले. एल्विरा पाय वर घेऊन बसली. मर्नाने डोळे मिटले.

मग तिला वास आला. थंडीच्या पहिल्या दिवशी हीटर लावला की आतली धूळ तापून येतो, तसा. तिने डोळे उघडले. एल्विरासुद्धा नाक वर करून हुंगत होती.

"काही जळतंय का?"

"नाही… यंत्रं गार आहेत."

त्याच वेळी भिंतीवरचा फोन वाजला.

दोघींपैकी कुणी हललं नाही. तीनदा वाजला, चारदा वाजला. सहाव्यांदा वाजल्यावर एल्विरा उठली. फोनच्या छोट्या पट्टीवर नंबर उमटला होता. तो वाचताना तिचे ओठ हलले. तिने रिसीव्हर कानाला लावला. हॅलो म्हणाली नाही. बराच वेळ नुसती ऐकत उभी राहिली. मग तिने रिसीव्हर छातीशी धरला. 

"मर्ना…" ती इतक्या हळू बोलली की पंख्यांच्या आवाजात शब्द बुडाले. "घरून आहे."

"घरी कुणी नाही, एल्विरा."

"मला माहितीये."

पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. आठ मिनिटं झाली होती, बत्तीस उरली होती.

"बंद कर," मर्ना म्हणाली.

"काय?"

"एक्सपोजर बंद कर."

"अग, दुर्बिणीची पाळी आता परत दोन महिने—"

"बंद कर!"

एल्विराने कळ दाबली. मर्ना उठली, तेव्हा तिच्या गुडघ्यांवरचं पांघरूण खाली पडलं. त्यात पाय अडकला, ती धडपडली आणि भिंतीला धरून फोनपाशी पोचली. रिसीव्हर गरम होता. कुणीतरी तासन्‌तास हातात धरून ठेवावा, तितका.

"ऑगी?"

आधी नुसती पोकळी. फार मोठ्या, रिकाम्या जागेचा असतो तसा आवाज. मग खूप दुरून, प्रत्येक शब्दाच्या मध्ये वाट बघायला लावत…

"झालं… का ग… तुझं काम?"

 तिने कपाळ भिंतीला टेकवलं.

"झालं," ती शेवटी म्हणाली. "सगळं झालं. तू बोल. ऑगी, त्या रात्री तुला काय सांगायचं होतं?"

"काही नाही ग… झोप येत नव्हती. म्हटलं… तुझा आवाज ऐकावा."

एल्विरा पाठीमागे तोंडावर हात दाबून उभी होती. मर्ना रडत होती, पण आवाज न करता. आपला हुंदका त्याच्या शब्दावर पडेल, या भीतीने.

"मी करणार होते फोन. चाळीस मिनिटं… चाळीसच मिनिटं होती रे."

"हो… मी थांबलो होतो."

"तू कुठे आहेस?"

 त्या पोकळीत आता दुसरं काहीतरी होतं, कुजबुजीसारखं, पण माणसाच्या कुजबुजीहून संथ. एकाची नाही. पुष्कळांची.

"दिवा नाही इथे… पण तापलंय. फार तापलंय, मर्ना. आणि खूप जण आहेत… दिसत कुणी नाही. नुसते… जवळ आहेत."

"मी येऊ का?"

हा प्रश्न तिने कसा विचारला, हे तिचं तिलाही पुढे कधी सांगता आलं नाही. एल्विराने मात्र तो ऐकला आणि मागून तिचा दंड घट्ट पकडला.

"नको… नको येऊस," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात घाई होती. "तू फक्त… फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवणार. बघ, नाही ठेवत मी."

तिने नाहीच ठेवला. ती बोलत राहिली. घराबद्दल, त्याने लावलेल्या लिंबाच्या झाडाबद्दल, त्याचे कपडे अजून कपाटातच आहेत याबद्दल. पलीकडून मधूनच "हं" यायचं, मग तेही विरळ होत गेलं. तीन एकोणीसला पोकळी बंद झाली आणि साधा टूंऽऽ असा आवाज उरला. ती तरीही रिसीव्हर कानाला लावून उभी होती. एल्विराने तिची बोटं एकेक करून सोडवली, तेव्हा पावणेचार वाजले होते आणि रिसीव्हर गार पडला होता.

"चल," एल्विरा म्हणाली. "बास झालं आज. मी घुमट बंद करते."

"तू त्याचा आवाज ऐकलास ना? माझं डोकं फिरलेलं नाही ना?"

"ऐकला," एल्विरा म्हणाली. तिने छातीवर क्रूस केला. "माझ्याशी तो अगदी सहज बोलला. म्हणाला, तिला जरा दे ग."

चारला त्यांनी कंट्रोल रूमला कुलूप लावलं आणि दोघी खालच्या इमारतीत झोपायला गेल्या. एल्विराने आपली गादी मर्नाच्या खोलीत आणून टाकली. मर्नाला आठ महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि मन हलकं होतं. आपण या वेळी फोन घेतला. एवढं तरी केलं.

कॉनराडचा फोन जानेवारीत आला. तो उत्साहाने नुसता उतू चालला होता.

"समूह आहे! खराखुरा, प्रचंड! इतका लांब आहे की तुमच्या दुर्बिणीला त्याच्या दीर्घिका दिसणंच शक्य नव्हतं. सर बरोबर होते. तिथला प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा नव्हती, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," मर्ना म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "त्याचं नाव पहिलं घाल, कॉनराड."

"अर्थातच. फक्त एक किरकोळ भानगड आहे. थोडी मिनिटं मला काढून टाकावी लागली. यंत्राचा काहीतरी बिघाड असणार. एरवी त्या जागेवरून तासाला फार तर चार-पाच कण येत होते. मध्येच एकदम शेकड्यांनी आले. आणि गंमत म्हणजे त्या डागावरूनच, आजूबाजूने नाही. असं होत नसतं. समूह काही दिव्यासारखा लागत-विझत नाही."

मर्नाने टेबलाची कड धरली. "किती वाजता?"

"जागतिक वेळेने दहा बारा ते दहा एकोणीस."

तिने सात तास वजा केले. तीन बारा ते तीन एकोणीस. वजा करायची गरज नव्हती.

"काढू नकोस ती मिनिटं," ती म्हणाली.

"अहो, काढावीच लागणार. शिवाय ते एकदाच नाही झालं. नंतर पुन्हा बारा एक्केचाळीसला. ते जास्त वेळ चाललं, वीसेक मिनिटं. मग थांबलं. मग तेरा पाचला परत, पण अगदी क्षीण, दोनच मिनिटं. त्यानंतर काही नाही… मॅडम? ऐकताय ना?"

ती ऐकत होती. पाच एक्केचाळीस. सहा पाच. फोन आत होता, कंट्रोल रूमला कुलूप होतं, आणि ती खाली गाढ झोपली होती.