ताइतातले नख

कुम्हारीच्या महामार्गावर मधुवंतीची स्कूटी बंद पडली, तेव्हा भाद्रपदातील एक सर नुकतीच ओसरली होती. मागे बांधलेली बर्फाची पेटी ती दोन्ही हातांनी सावरीत होती. रायपूरहून भिलाईस परतणाऱ्या पीयूषने आपली मोटारसायकल थांबविली.

"कुल्फी विकून राहिल्या का तुमी?"

"विकत असते तर पहिली तुम्हालाच दिली असती," ती हसली. "भिलाईला, रुआबांध्यात मथुराबाईंकडे जायचंय. त्यांच्याकडे पेंढा भरलेलं बदक आहे ना?"

पीयूषच्या भुवया उंचावल्या. "ते माही माय होय. अन् त्या बदकाची धूळ मीच पुसतो."

गुलाबी मस्तकाचे ते बदक भंडाऱ्याच्या एका जमीनदाराने पीयूषचे आजोबा गुलाबराव यांना दिले होते. त्याची जात आता पृथ्वीवर दिसत नाही. जुन्या पक्ष्यांच्या पेशींतून त्यांची जनुके वाचून काढावीत, आणि कधीतरी ही जात पुन्हा तळ्यावर उतरावी, याच ध्यासाने मधुवंतीची प्रयोगशाळा काम करीत होती. परंतु पीयूषचे वडील जानराव हे दर दसऱ्याला त्या पिसांवर वार्निश फिरवीत. ते कातडीत मुरून पेशी निकामी झाल्या होत्या. वार्निश न लागलेले उरले केवळ तळपाय.

ती दोन रविवार आली. मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली. तिच्या कपाळावर आलेली बट ती मनगटाने मागे सारी, आणि पीयूषचे चित्त तेथेच अडकून राही.

"एकलं बदक जिवंत करून का फायदा?" एकदा त्याने विचारले. "त्याले जोडीदार नको?"

"म्हणून तर गावोगाव फिरते. एकट्याला जन्माला घालणं म्हणजे शिक्षाच." तिने मान वर केली नाही. "आणि तळी राखली नाहीत, तर ते उतरणार कुठे?"

"तुमी उतरल्याच की आमच्या घरी..."

तिचे कान आरक्त झाले. आतून मथुराबाई म्हणाल्या, "पोरी, चाय पेल्याबिगर जाऊ नको. हा तं बोलतच राहीन."

तिसऱ्या रविवारी तिने तळपायाचा तुकडा कापून घेण्यासाठी पाते बाहेर काढले. हा नमुना लागला, म्हणजे त्यात जनुके शाबूत निघाली, तर काम वर्षभर चालेल, ती दर महिन्याला भिलाईस येईल. न लागला तर रायपूरचे केंद्र बंद होऊन तिला हैदराबादेस जावे लागेल, असे तिने आदल्याच आठवड्यात सांगितले होते. पाते पायाजवळ गेले. पीयूष पुढे झाला.

"थांबा... ते पाय त्याचे नाहीत."

तिचा हात जागीच थांबला.

"भंडाऱ्याहून ट्रकात येताना पाय तुटले. बाबांनं बाजारातल्या पाळीव बदकाचे बसवले. मले पयल्या दिवसापासून मालूम होतं."

"मग बोलला कावून नाही?" प्रथमच ती त्याच्या बोलीत बोलली.

"बोललो असतो तं तुमी दुसऱ्या रविवारी आल्या नसत्या."

तिने पाते पेटीच्या झाकणावर ठेवले. "मी हे पाय घेऊन गेले असते, पीयूष. लोकांना सांगितलं असतं की सापडलं."

"म्हणून तं बोललो."

मथुराबाई दाराशी उभ्या होत्या. हळूहळू येऊन त्यांनी मुलाच्या गळ्यातील काळ्या दोऱ्यास हात लावला. "तुटल्या पायाचं एक नख म्या यात शिवलं होतं. लहानपणी हा झोपेत दचके."

पीयूषने तो ताईत कधीही उतरविला नव्हता, तापातही नाही. आत काय आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने दोरा तोडला आणि ताईत तिच्या तळहातावर ठेवला.

तिने टाके उसवले. आत, कापसात, एक काळपट नख, आणि त्याच्या मुळाशी वाळलेल्या कातडीचा कण.

"हे लागेलच असं नाही," ती हलकेच म्हणाली.

"लागो न लागो. खरं हाये."

तिने तो कण कुपीत ठेवला, नख पुन्हा कापसात गुंडाळले. सुईदोरा मागून ताईत स्वतःच शिवला. टाके वाकडे आले. मग टाचा उंचावून तिने तो त्याच्या गळ्यात बांधला. गाठ मारताना तिची बोटे मानेवर किंचित रेंगाळली.

"हैदराबादला जावं लागलं तर?" त्याने विचारले.

"तर टाके उसवले का, ते बघायला येईन." ती थांबली. "मला शिवता येत नाही, पीयूष. ते लवकरच उसवतील..."