मोठ्या मम्मीची सीट

ही गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. मी तिथं होते. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी वडीगोद्रीला यावं आणि आमची बस बघावी. हायवेला लागूनच उभी असते.

आणि रात्रीबित्रीची गोष्ट नाहीये. अमावस्या नाही, पिंपळ नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली भर दुपार. आमच्या जालना जिल्ह्यातलं ऊन ज्यांना माहितीय त्यांना कळेल. त्या वेळेला हायवेवर कुत्रंसुद्धा नसतं.

मी समीक्षा, अकरावीला आहे. आधी मी कुणापुढं तोंड उघडायचे नाही. मग शाळेच्या गॅदरिंगला अख्खं सूत्रसंचालन केलं, आणि पप्पा म्हणतात तेव्हापासून ही पोरगी थांबतच नाही. बरोबरच म्हणतात. म्हणून सगळं नीट, पहिल्यापासून सांगते.

आमची बस म्हणजे चालतं-फिरतं भोजनालय. पप्पांनी लय जुनी बस घेऊन आतल्या सीटा काढून टाकल्या. मागं ओटा, शेगड्या, भांड्यांच्या मांडण्या. रोज सकाळी वडीगोद्रीतून निघायची, अंबडला कोर्टाजवळ उभी राहायची. पिठलं, भाकरी, ठेचा, भरलं वांगं. तारखेला आलेली माणसं जेवायला आमच्याकडंच.

पुढं फक्त दोन सीटा ठेवल्यात. एक ड्रायव्हरची. दुसरी दरवाज्याजवळची, खिडकीची.

त्या दुसऱ्या सीटवर माझी मम्मी कधीच बसली नव्हती.

कारण ती मोठ्या मम्मीची.

मोठी मम्मी म्हणजे पप्पांची पहिली बायको, दैवशाला. बस दोघांनी मिळून घेतली, मिळून सजवली. मग काविळीनं ती गेली. वर्षभरानं माझी मम्मी, मीना, लग्न होऊन आली. आमच्यात रीत आहे. दुसऱ्या बायकोनं पहिलीची छबी कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा. कुंकू आधी टाकाला, मग स्वतःला. नवीन साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. सणाचा पहिला घास तिचा. म्हणजे ती रागावत नाही.

मम्मीनं यातलं एकही कधी चुकवलं नाही.

बसच्या कपाळावर नाव, दैवशाला भोजनालय. शेगडी तिची. कढया तिच्या. आणि पप्पा सकाळी गाडी चालू करताना इंजिनाच्या झाकणावर हात फिरवायचे... अगदी हळू.

मम्मीच्या पाठीवरून असा हात फिरलेला मी बघितला नाही.

मम्मी मागं, पिठाच्या डब्यावर बसून जायची. लहान असताना मी विचारलं होतं, तू पुढं का नाही बसत? ती म्हणाली, "तिथं गर्दी असती."

सीट तर रिकामी असायची.

मला मोठ्या मम्मीचा राग यायचा. जी गेली तिचं सगळं पहिलं, आणि जी रोज धुरात भाकऱ्या थापती तिचं सगळं उरलेलं. हा कुठला न्याय?

तर गेल्या उन्हाळ्यात बसचं इंजिन पार बसलं. काळा धूर, चढावर दम लागायचा, दोनदा अंबडच्या रस्त्यात उभी राहिली. पप्पांचं म्हणणं, जुनंच खोलून दुरुस्त करू. मम्मी म्हणाली, नवीन टाका. पप्पा म्हणाले, जुन्याची सवय आहे. मम्मी म्हणाली, सवय कुणाची ते मला माहीत आहे. दोन दिवस घरात ताटं नुसती आपटत होती.

शेवटी मम्मी पप्पांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"इंजन नवीन बसवायचं. आन् ते बसलं की मी पुढं बसणार, तुमच्या बाजूला. आत्तापस्तोर मी काय मागितलंय का तुम्हाला?"

पप्पांनी चपलेकडं बघितलं. मग हो म्हणाले.

मी तर मनातल्या मनात नाचलेच.

लालमियाँ चाचांचं गॅरेज हायवेलाच आहे. त्यांनी जालन्याच्या भंगार बाजारातून इंजिन शोधून आणलं. नव्या मॉडेलच्या बसचं, बॉडी सडलेली पण इंजिन एकदम कडक. चाचांनी तीन पायांवर चेनकप्पी लावली आणि जुनं इंजिन साखळीनं वर उचललं. खालून तेल ठिबकत होतं. पप्पा जवळ गेले आणि त्याच्या अंगावर हात ठेवून उभे राहिले.

मम्मी माझ्या शेजारीच होती. म्हणाली, "मारा की मिठी एकदाची. आम्ही तोंड फिरवतो."

चाचा हसले. पप्पा नाही हसले.

जुनं इंजिन टेम्पोत चढलं, भंगारात गेलं. टेम्पो हायवेला लागला तेवढ्यात रिकाम्या बसमधून आवाज आला...

बांगड्यांचा.

कुणीतरी हात झटकावा तसा, एकदाच.

मी मम्मीकडं बघितलं. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. तिनंही ऐकलं होतं. तिनं पदर अजून घट्ट ओढून घेतला.

पुढचे काही दिवस चाचा त्याच कामात. नव्या इंजिनाचे पाय जुन्या चेसिसवर बसेनात. तोडलं, नवीन पाय बनवले, वेल्डिंग केलं. रेडिएटर मोठा लावला. झालं तेव्हा मम्मीनं नारळ आणला. आधी टाकाला कुंकू, मग इंजिनाला. रीतीत काहीही चुकलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

पप्पांनी चावी फिरवली. एका दमात चालू. आवाज इतका मऊ की चाचा स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घ्यायचे बाकी होते.

मग मम्मी पुढं चढली. तिनं केस धुतले होते, गजरा लावला होता. अंबडला जायचं पण नव्हतं, नुसतं गॅरेजच्या मैदानात एक चक्कर. तरी गजरा. ती त्या सीटवर बसली आणि तिनं पप्पांकडं असं बघितलं... जाऊ द्या, पोरीनं लिहू नये तसं बघितलं.

मी मागं उभी होते. गाडी दहा-वीस पावलं गेली.

आणि बंद पडली.

धक्का नाही, आवाज नाही. जशी कुणी चावी काढून घ्यावी.

चाचा म्हणाले, डिझेलला हवा धरली असेल. मम्मी खाली उतरली. त्यांनी पंपाजवळची नळी सैल केली, हवा काढली. गाडी चालू. पप्पांनी मैदानाला पूर्ण चक्कर मारली. मम्मी पुन्हा चढली, बसली.

बंद.

मम्मी उतरली. चालू.

फिल्टर बदलला. वायरी बघितल्या. चाचा स्वतः गाडी घेऊन शहागडपर्यंत जाऊन आले, गाडी साधी खोकली पण नाही. येताना हसत आले. म्हणाले, "भाबी, अब बैठो. बिलकुल टकाटक है."

मम्मी बसली. या वेळी मी तिच्या मागंच उभी होते, सीटचा दांडा धरून. इंजिन बंद पडलं. सगळं शांत झालं.

आणि त्या शांततेत...

घड घड घड... घड... घड घड घड...

जुनं इंजिन. मधे एक ठोका चुकवणारं. मी जन्मापासून ऐकलाय तो आवाज, झोपेतसुद्धा ओळखेन.

चावी पप्पांच्या हातात होती. जुनं इंजिन भंगारात, जालन्याला.

मी घाबरून सीटच्या पाठीवर हात टेकला. मे महिन्याची दुपार. काळं रेक्झिन, दिवसभर उन्हात. चटका बसायला पाहिजे होता.

सीट गार होती. माठासारखी.

तेव्हा पप्पा बोलले. आमच्याशी नाही. स्टेअरिंगकडं बघून, एकदम हळू.

"दैवशाले... बास की गं आता."

आवाज थांबला.

पण मला त्या आवाजापेक्षा मम्मीचं तोंड बघून जास्त भीती वाटली. पप्पा तिच्याशी असं कधीच बोलले नव्हते. तिला ते "अगं ऐकलं का" म्हणतात. इतक्या लाडानं, इतक्या जवळून... कधीच नाही.

मम्मी उतरली आणि उन्हात चालत घरी गेली. गजरा रस्त्यात टाकला.

चाचांनी हत्यारं गोळा केली. पप्पांना म्हणाले, हे माझ्या हातचं काम नाही, भागवतभाऊ. इंजनमधे काही नाही.

घरी पप्पांनी समजूत काढायचा प्रयत्न केला. मागं बस की पहिल्यासारखी, काय बिघडतंय? अंबडला आपल्या जागेवर कुणीतरी वडापावची गाडी लावून राह्यलंय, जागा जाईल. मम्मी भिंतीकडं तोंड करून पडली होती. पिठाच्या डब्यावर आता बसणार नाही, एवढंच म्हणाली. बस गॅरेजच्या मैदानात उभीच राहिली.

मग तो शुक्रवार आला.

दुपार. पप्पा झोपले होते. मम्मीनं खुंटीवरची चावी घेतली आणि मला म्हणाली, "चल."

चाचा नमाजला गेले होते, गॅरेजचं शटर अर्धं खाली. मैदानात फक्त बस. मम्मी दरवाज्यातून आत गेली, मी तिच्या मागं. ती त्या सीटसमोर उभी राहिली. मला वाटलं आता ही शिव्या देणार, टाक फेकून मारणार. मी असते तर मारला असता.

मम्मीनं पदर खोचला आणि एखाद्या शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"हे बघ बाई. तुला इथं बसायचं ना? बस. म्या न्हाई बसत. तू आधी आल्तीस, तुझीच हाय. पण आता ते बी न्हाई बसणार स्टेअरिंगवर. ना तुझ्या बाजूला, ना माझ्या. गाडी म्या चालवते. यायचं तर चल, नसंल तर उतर."

आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली.

सांगायचं राहिलं. मम्मी माहेरी ट्रॅक्टर चालवायची. लायसन्ससुद्धा होतं. लग्नानंतर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं चावी फिरवली.

काही नाही.

ती थांबली. हात चावीवरच. मग रिकाम्या सीटकडून... बांगड्या वाजल्या. या वेळी झटकल्यासारख्या नाही. हळू. बाई मांडी घालून नीट बसते तेव्हा वाजतात तशा.

मम्मीनं पुन्हा चावी फिरवली. इंजिन चालू झालं.

मैदानाला एक चक्कर, दोन, तीन. धूळच धूळ. मम्मी हसायला लागली. मी तिला असं हसताना पहिल्यांदा बघितलं, भीती विसरून मी पण हसले, टाळ्या वाजवल्या. माझी मम्मी बस चालवत होती, म्हणजे विचार करा. मी पुढं झाले. मलाही तिच्या बाजूला बसायचं होतं.

"तिथं नको," मम्मी समोरची नजर न काढता म्हणाली. "मागं धर."

मी मागं धरलं.

नंतर तिनं रीतसर मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. अंबडला कोर्टाजवळची जागा परत मिळवली. वडापाववाला एका दिवसात हलला, कसा ते ती सांगत नाही. आता बाई बस चालवती म्हणून लोक बघायला येतात, धंदा दुप्पट झालाय. पप्पा भाजी निवडतात, गव्हाला ऊन देतात. एकदा मम्मीला ताप होता म्हणून ते गाडी घेऊन निघाले. गाडी चालूच झाली नाही. परत येऊन घराच्या ओट्यावर बसले. मी चहा दिला. मला म्हणाले, "तुझी मम्मी मला काय सांगत न्हाई आता."

तुम्ही म्हणाल, मग चांगलंच झालं की.

हो. पण काही गोष्टी आहेत...

मम्मीच्या पिठल्याची चव बदललीय. ती आधी हिंग घालायची नाही, आता घालते. पहिल्यांदा ते पिठलं घरी आलं तेव्हा पप्पांनी एक घास घेतला आणि त्यांचा हात ताटातच थांबला. ते उठून बाहेर गेले. अंबडचे एक म्हातारे वकील मम्मीला म्हणाले म्हणे, लय वर्षांनी जुनी चव आली बघा.

संध्याकाळी बस परत येते तेव्हा लांबूनच मम्मीचं बोलणं ऐकू येतं, कधी कधी हसणं. मी धावत दरवाज्यापाशी जाते. मी पायरीवर पाय ठेवला की बोलणं थांबतं. मी विचारते, कुणाशी बोलत होतीस? मम्मी म्हणते, फोनवर.

फोन घरी चार्जिंगला असतो.

पूर्वी ती झोपताना माझ्या केसांतून हात फिरवत दिवसभराचं सगळं सांगायची, कोण जेवायला आलं, कुणी काय विचारलं. आता पडल्या पडल्या झोपते. तिचं सगळं सांगून झालेलं असतं.

गेल्या आठवड्यात मला सुट्टी होती. मी सकाळीच आवरून बसपाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, मम्मी, आज मी येते तुझ्याबरोबर. भाकऱ्या मी थापते, गर्दी असते ना.

मम्मीनं माझ्या गालाला हात लावला. किती गार हात.

"तू कशाला ऊन खाती? आम्ही दोघी जातो की."

सहज म्हणाली. तिला कळलंसुद्धा नाही काय म्हणाली ते. ती चढली, इंजिन चालू केलं. पप्पा ओट्यावर, मी अंगणात.

बस वळली. पुढची ती खिडकी माझ्या बाजूला आली. मी हात केला. मम्मी समोर रस्त्याकडं बघत होती.

आणि खिडकीची काच... आतून सरकली. हळूहळू. पूर्ण बंद होईपर्यंत.

मम्मीचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.