विनयचा कमरपट्टा

परीक्षित सबनीस शनिवारी दुपारी शॉमबर्गहून निघाला, तेव्हा त्याच्या खिशात एक यादी होती. रॉड, रीळ, तरंगणारी दोरी, खोट्या माश्या, वेडर्स, बूट. अक्षर त्याचं नव्हतं. त्याच्या मित्राने, विनयने, मागच्या वर्षी ऑफिसच्या पिवळ्या चिठ्ठीवर ती लिहिली होती आणि वर ‘कॅनडा, जुलै, दोघं’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. विनय आता नव्हता. जुलै मात्र यायचा तसा येत होता.

विनय पक्का शाकाहारी. शेजारच्या ताटात मासा दिसला तर उठून दुसऱ्या टेबलावर जाणारा. पण कोणीतरी त्याला एकदा फ्लाय फिशिंग दाखवलं आणि गडी कामातून गेला. तासन्‌तास गार पाण्यात उभं राहायचं, पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टेकवायची आणि मासा लागला की त्याला सॉरी म्हणून सोडून द्यायचं. परीक्षित त्याची भरपूर टर उडवायचा आणि दर वेळी त्याच्याबरोबर जायचा. कॅनडातल्या नद्यांचं स्वप्न खरं तर विनयचं. परीक्षित नुसता त्यात राहायला गेला होता.

दुकान फॉक्स नदीच्या काठी होतं. बाहेर एप्रिलचं धुकं उतरलं होतं, खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. आत ओल्या लोकरीचा आणि पिसांचा वास. काउंटरवर भर दुपारी एक पिवळा दिवा लागलेला. म्हातारा मालक इतक्या सावकाश बोलायचा की मधल्या शांततेत नदीचा आवाज ऐकू यायचा.

त्याने यादी बाजूला सारली. आधी पाणी ठरव, मग रॉड, असं म्हणून त्याने ब्रिटिश कोलंबियाचा नकाशा पसरला. निळ्या रेघाच रेघा. परीक्षितने सांगून टाकलं की मला पोहता येत नाही, गुडघाभर पाणी असेल तेवढंच दाखवा. म्हातारा हसला आणि त्याने फर्नी गावाजवळच्या एल्क नदीवर बोट ठेवलं. काठाला उथळ, ट्राउट मासे भरपूर, नऊ फुटी रॉड पुरेल. गळ मात्र टोकाला उलटा काटा नसलेलेच न्यायचे, तिथला नियम आहे. तसल्या गळाला मासा लागतो, पण दोरी जरा सैल पडली की निसटतो.

परीक्षित ऐकता ऐकता नकाशातच शिरला होता. भानावर आला तेव्हा म्हातारा कपाळाला आठ्या घालून फडकं शोधत होता. हात पुसून तरी नकाशाला लाव, म्हणाला. एल्क नदीच्या रेघेवरून ओल्या बोटाची खूण गेली होती. उथळ भाग मागे टाकून ती वर, जंगलात, रेघ बारीक होते तिथपर्यंत पोचली होती. परीक्षितने आपले हात पाहिले. कोरडे होते. घाबरायला हवं होतं, पण त्याला आधी वाटलं ते एवढंच, की जागा सुंदर निवडली आहे.

म्हातारा वेडर्स घेऊन आला. छातीपर्यंत येणाऱ्या त्या रबरी विजारींची एक जोडी रुंद, परीक्षितच्या पोटाला शोभेल अशी, आणि दुसरी लांब, सडपातळ. बूटही दोन जोड.

“तुझा तो उंच मित्र,” तो म्हणाला. “दहा नंबरच ना?”

तो गेला, एवढे दोन शब्द सांगायचे होते. परीक्षितने मान हलवली आणि हो म्हणाला.

मग म्हाताऱ्याने एक काळा कमरपट्टा उचलून दिव्याखाली धरला. हा आधी बांधायचा, नदी नंतर. हा नसेल आणि माणूस पडला, तर वेडर्समध्ये पाणी भरतं आणि मग उठता येत नाही. परीक्षितला हे शिकवायची गरज नव्हती. सप्टेंबरात, याच नदीत, तो आपला पट्टा घरी विसरला होता. काठावर विनयने स्वतःचा काढून त्याच्या कमरेला आवळला होता. “तुला पोहता येत नाही, तू बांध.” तासाभराने विनय घसरला. परीक्षित काठावर नुसता ओरडत राहिला.

नेत्राने, विनयच्या बायकोने, त्या संध्याकाळी विचारलं होतं की त्याचा पट्टा कुठे होता. परीक्षितच्या तोंडून निघून गेलं, “घरी विसरला होता तो.” तेच त्याने पोलिसांना सांगितलं. पट्टा आजही त्याच्या गराजमध्ये होता, दिवाळीच्या माळांच्या डब्यात, तळाशी.

विनयच्या दहाव्याला पिंड नदीकाठच्या पार्कात ठेवला. कावळे समोरच्या मेपलवर बसून राहिले. नेत्रा म्हणाली, आपल्या मुलाला, मिहीरला, शिकवीन, आईंना इथे घेऊन येईन. कावळा हलेना. गुरुजी घड्याळ पाहू लागले, कारण पार्कचं परमिट एक वाजेपर्यंतच होतं. त्यांनी दर्भाचा कावळा तयारही ठेवला होता. तेव्हा परीक्षित पुढे झाला. खरी गोष्ट तोंडाशी आली होती. ती गिळून तो म्हणाला, “विन्या, ठरल्याप्रमाणे जाऊ. आपण दोघं.” कावळा त्याच क्षणी खाली आला. सगळ्यांना हायसं वाटलं. कावळ्याने एक शीत उचललं आणि उडायच्या आधी बराच वेळ परीक्षितच्या कमरेकडे पाहिलं.

दुकानातून घेतलेलं सामान मागच्या सीटवर टाकून तो गाडीत बसला आणि पार्किंगमधून बाहेर पडायच्या आतच टुंग टुंग सुरू झालं. शेजारच्या सीटवर कोणीतरी बेल्ट न लावता बसलंय, असं गाडी सांगत होती. सीट रिकामी होती. त्याने सीट झटकली, इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. टुंग. टुंग. आतल्या काचा हळूहळू धुरकटत होत्या आणि ओल्या लोकरीचा वास मागे दुकानात राहिला नव्हता, गाडीतही आला होता.

मग त्याने नेत्राला फोन लावला. स्पीकरवर तिचा आवाज आला आणि त्याने सगळं एका दमात सांगितलं: पट्टा, काठ, गराजमधला डबा.



“मला माहीत होतं, परीक्षित,” ती म्हणाली. “निघताना त्याने तो माझ्यासमोर बॅगेत भरला होता. सात महिने वाट बघतेय, तू कधी सांगतोस.”

परीक्षित रडू लागला. लहानपणानंतर तो असा रडला नव्हता. नेत्राने त्याला रडू दिलं.

“तिकडे काय वाजतंय मघापासून?”

“सीटबेल्ट…”

“तुझा?”

“नाही. माझा लावलाय मी.”

मग ती हळूच म्हणाली, “मग या वेळी त्याचा बांध.”

परीक्षित वाकला. रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढून घेताना त्याचा हात गार हवेतून गेला. त्याने बकल खटकन बसवलं. टुंग टुंग थांबलं. आता फक्त वायपर हलत होते आणि पलीकडे नदी.

“थांबलं?” नेत्राने विचारलं.

“थांबलं,” तो म्हणाला, आणि शेजारी पाहत राहिला. बेल्ट सीटला टेकला नव्हता. सीटपासून वीतभर पुढे, एका सडपातळ माणसाच्या कमरेवर बसावा तसा तो ताणलेला होता आणि त्याच्या खालच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं.