आपलंच समजा

ये, बस. दिवा मध्ये ठेवते, म्हणजे तुलाही दिसेल नि मलाही. वीज यायची तेव्हा येईल, आपण बोंबलून काही ती लवकर येत नाही. सकाळचा केक उरलाय, खा थोडा. काय म्हणालीस, नेट हवंय? अगं, वीज गेली की आपलं नेटही गेलं. तो डबा काय माझ्या आशीर्वादावर चालतो? उद्या पासवर्ड सांगते तुला.

काय? दुसरं एक उघडंच दिसतंय, त्याला जोडू?

थांब. हात लावू नकोस त्याला. फोन पालथा घाल इथे, दिव्याजवळ. रागावले नाही गं. तुला वरच्या खोलीत भाड्यानं राहायला येऊन आठवडा नाही झाला, लगेच कशाला ओरडू तुझ्यावर? पण आधी माझं ऐक, मग तुझं तू ठरव. हळू बोलते, ठकी आत पडलीय. डोकं दुखतंय म्हणाली. तिच्या कानावर जायला नको.

ठकी तेव्हा सात वर्षांची होती. लेकीला घेऊन मी नवऱ्याच्या घरातून बाहेर पडले होते नि तिचा ताबा कुणाकडे द्यायचा यावर कोर्टात खटला चालू होता. नवऱ्याचं तुणतुणं एकच, हिला ना धड घर ना धड नोकरी, ही पोर काय सांभाळणार? म्हणून मी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, भिंतींना ओल आलेल्या, नि काम मिळवलं. हॉस्पिटलातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की काय आढळलं ते बोलून रेकॉर्ड करून ठेवतात. ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं, टाइप करायचं नि पाठवून द्यायचं. घरबसल्या काम होतं, ठकीवर डोळा ठेवून करता यायचं. फक्त नेट हवं. आणि नेट जोडणारा माणूस आज येतो, उद्या येतो करत मला नुसता नाचवत होता.

स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात मात्र एक नेटवर्क दिसायचं. कुलूप नाही, पासवर्ड नाही. नाव होतं ‘घरी ये’.

काय झालं? तोंड का उतरलं तुझं? फोनकडे बघू नकोस. आधी ऐक.

मी जोडलं ते. ओट्यावर लॅपटॉप मांडला, स्टूल ओढलं नि कामाला लागले. देवाशप्पथ, यात काही चुकतंय असं मनाला शिवलंही नाही. माझी थोरली बहीण वकील, खटला तीच लढवत होती. ती एकदा आली नि मला ओट्याशी बसलेली बघून म्हणाली, “हे नेट कुणाचं?”

“काय माहीत. कुणाचं तरी येतं आपोआप.”

“परवानगी घेतलीस?”

“ताई, माझ्या घरात येतंय ते. शेजारच्या फोडणीचा वास येतो, त्याची परवानगी घ्यायची का मी?”

“वास घे की, कोण नको म्हणतंय? तू उठून त्यांच्या पातेल्यात हात घालतेयस.” ताईनं चष्मा काढला. तिनं चष्मा काढला की समजायचं, आता आपली खैर नाही. “दाराला कुलूप नाही म्हणून घर आपलं होत नाही. मालकाला न विचारता त्याच्या नेटमध्ये शिरायचं म्हणजे ती घुसखोरी झाली. एरवी कुणी ढुंकूनही बघत नाही. पण तुझा नवरा टपून बसलाय. ही बाई चोरीच्या नेटवर नोकरी करते, असं त्याच्या वकिलानं कोर्टात म्हटलं तर न्यायाधीशांना मी काय सांगू? ठकी हवीय ना तुला?”

ठकी हवीय ना! दुसरं काय हवं होतं मला? संध्याकाळी ठकीला खेळायला पाठवलं नि फोन हातात धरून जिना चढले. वर जावं तशा त्या सिग्नलच्या रेघा वाढत होत्या. वरच्या मजल्यावर शेवटच्या दाराशी त्या पूर्ण भरल्या. बाहेर नुसतं धुकं दाटलेलं, जिन्यातला बल्ब गेलेला. दार तपकिरी, बेल उपटून काढलेली. म्हणून बोटांनी टकटक केलं.

“आलीस?”

इतक्या जवळून आवाज आला की मी एक पाय मागेच घेतला. दाराला गाल लावून कुणी उभं असावं तसा. म्हाताऱ्या बाईचा, कफानं भरलेला.

“मी खालची, आजी. दुसऱ्या मजल्यावरची. तुमचं नेट मी न विचारता वापरत होते. चुकलंच माझं. परवानगी मागायला आलेय.”

मग ती म्हणाली, “कुलूप नको म्हटलं मी त्या नेटवाल्या माणसाला. मुलगी रागावून गेलीय माझी. परत आली तर दारातच अडायला नको.”

“मग वापरू मी?”

“वापर ना. आपलंच समज.”

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! आता आपली रीत तुला माहीत आहे, कुणी एवढं मोकळेपणानं बोललं की आपणही गप्प बसत नाही. मी म्हटलं, “आमचंही घर आपलंच समजा, आजी. केव्हाही या. विचारायचं नाही.”

“केव्हाही?” तिनं हळूच विचारलं.

“केव्हाही!” म्हणाले नि हसत खाली आले. बघ, किती सहज बोलतो आपण.

त्यानंतर घरात एक वास यायला लागला. बामाचा नि भिजलेल्या लोकरीचा. ओलीमुळे असेल म्हणून मी खिडक्या उघड्या टाकल्या. मग एकदा ठकीला शाळेतून घेऊन आले तर माझं स्टूल ओट्यापासून लांब, खिडकीशी ठेवलेलं. बसले तर लाकूड ऊबदार. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं.

नंतर हेडफोनमध्ये सुरू झालं. डॉक्टर आपले सांगताहेत, उजव्या फुप्फुसात पाणी, श्वास घेताना घरघर... आणि त्या बोलण्याच्या खालून दुसरा आवाज. “जेवलीस का?”

मला वाटलं वॉर्डातलं कुणी असेल. फाइल मागे नेऊन पुन्हा ऐकलं. फुप्फुस, पाणी, घरघर. बस्स. दुसऱ्या फाइलमध्ये काहीच नव्हतं. तिसरीत मात्र स्पष्ट आलं, “किती वाळलीस गं...”

मी हेडफोन फेकलाच. तेवढ्यात ठकी समोर येऊन उभी राहिली. तिच्या दोन वेण्या घातलेल्या, करकचून, वर दुमडून बांधलेल्या. अगं, मला वेणी घालताच येत नाही! मी तिचे केस रबरात अडकवून सोडून द्यायची.

“ठके, वेण्या कुणी घातल्या?”

“आजींनी.”

“कोण आजी?”

“वरच्या. तू काम करत असतेस ना, तेव्हा त्या माझ्यापाशी बसतात. मी हळू बोलते, तुला त्रास नको म्हणून.” आणि तिनं खोलीतल्या पलंगाकडे बोट दाखवलं. माझ्या स्टुलापासून तो पलंग सरळ समोर दिसायचा. मी दिवसभर त्याच्याकडे तोंड करून बसत होते.

ताईला फोन केला. नेट बंद करून, साध्या फोनवरून. ती लगेच आली. मला म्हणाली, कामाच्या ताणानं भ्रमिष्ट व्हायला लागलीस, परवानगी लेखी घेऊ नि विषय संपवू. तरातरा वर गेली. खाली आली तेव्हा कठडा धरून एक एक पायरी उतरत होती.

“समोरच्यांना विचारलं मी. त्या बाई वारल्या, वर्ष झालं. मुलगी आलीच नाही शेवटपर्यंत.” ताई दाराशीच टेकली. “कुलपाला गंज चढलाय गं. विजेचं मीटरसुद्धा काढून नेलंय. आत वीजच नाही, तर तुझ्या फोनवर ते येतं कुठून?”

माझं लक्ष ठकीकडे होतं. ती दप्तरात कपडे कोंबत होती. तिची बाहुली, टूथब्रश, रात्रीचा फ्रॉक.

“हे काय गं?”

“आजींनी बोलावलंय राहायला. त्या म्हणाल्या, येतेस का माझ्याकडे? मी हो म्हटलं.” नि माझा चेहरा बघून रडवेली झाली. “तूच त्यांना म्हणालीस ना, आपलंच समजा? मीपण तसंच म्हटलं.”

ताईच्या हातात तिचा हात दिला नि सांगितलं, सोडू नकोस, काही झालं तरी सोडू नकोस. मी वर पळाले. भीती कसली वाटतेय, संताप संताप होत होता. तिकडे नवरा पोर ओढतोय नि इकडे ही! दारावर दोन्ही मुठी आपटल्या.

“मी दिलेली परवानगी मागे घेते! ऐकलंत? माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही तुम्ही!”

लाकडापलीकडे श्वासाची घरघर. मग अगदी समजुतीच्या सुरात, “बरं... तू मागे घे. पण तिनं हो म्हटलंय ना...”

मला ताईचीच भाषा सुचली. दुसरं हत्यार होतं कुठे माझ्याकडे? “ती सात वर्षांची आहे! लहान मुलांच्या शब्दाला कायद्यात किंमत नाही. अठरा पूर्ण झाल्याशिवाय तिची संमती कुणी धरत नाही, समजलं?”

आतली घरघर थांबली. वाटलं, जिंकले. खरंच वाटलं गं मला. मी वळून पहिली पायरी उतरले, तेव्हा मागून आवाज आला.

“मग थांबते मी... ती मोठी होईपर्यंत. थांबायची सवय आहे मला.”

त्याच दिवशी घर सोडलं. ताईकडे राहिलो, मग ते शहरही सोडलं. ठकीचा ताबा मला मिळाला. निकाल लागला तेव्हा ताई कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून रडली, मीही रडले. त्यानंतर काही नाही. ना वास, ना आवाज. फोनवर पुन्हा ते नाव कधी दिसलं नाही. जिथे राहिले तिथे पहिल्यांदा पासवर्ड घातला, मग सामान लावलं. ठकी विसरली सगळं. मीही विसरायला लागले होते. पोर सुखरूप वाढली, अजून काय हवं?

केक कशाचा ते तू विचारलं नाहीस. आज ठकीला अठरा वर्षं पूर्ण झाली. सकाळी तिनं आपल्या हातानं कापला. आणि बघ ना, कधी नव्हे ते आज तिनं स्वतःच्या दोन वेण्या घातल्यात. मी म्हटलं, हे कुठून शिकलीस? तर म्हणाली, असंच, हाताला येत होतं.

वीज तिन्हीसांजेला गेली. आख्ख्या गल्लीत एक दिवा नाही, एका घरात नेटचा डबा चालू नाही. आणि तू जिना उतरून येतेस नि म्हणतेस, एक उघडं दिसतंय.

दे तो फोन. दे, सुलटा करते मीच. हो... तेच आहे. रेघा पूर्ण भरलेल्या.

श्शू. ऐकलंस? ठकी बोलतेय आत. हळू आवाजात, थांबून थांबून, कुणाचं तरी ऐकून घेऊन बोलावं तसं. हसली बघ आता. मैत्रिणीशी फोनवर बोलत असेल म्हणून मी मघापासून उठले नाही.

अगं, पण आत जाताना तिनं माझ्याकडे दिलेला तिचा फोन तर हा इथे, माझ्या मांडीवर आहे.