पुढून आलेली हाक

जूनमधल्या दुसऱ्या शनिवारी पहाटे साडेचारला मी व्हर्ननच्या दारात गाडी लावली. ते पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. शहात्तर वर्षांचे निवृत्त पोस्टमन. वाळवंटातल्या एका घळीतल्या फुलपाखरांची मोजणी ते तीस वर्षं करत होते. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकले, पण फुलपाखरू बघायला मला त्यांनी शिकवलं.

मागच्या सीटवर मोजणीतल्या त्यांच्या जुन्या सोबतीण लोरेटा नाश्त्याच्या बुरितोचा कागद सोलत बसल्या होत्या.

"म्हाताऱ्या, आटप. त्यांचं आयुष्य दोन आठवड्यांचं असतं. तुझी वाट बघून मरतील बिचारी."

"तुझ्यापेक्षा जास्तच उरलंय त्यांचं," व्हर्नन म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

लोरेटांच्या शेजारी माझा मावसभाऊ चुई पेंगत होता. त्याचं टायरचं दुकान आहे. पाण्याचे कॅन उचलायला मी त्याला ओढून आणलं होतं.

"मला यातलं काही कळत नाही हं, इनेस," तो म्हणाला.

"कळायची गरज नाही. ऐकायचं आणि तसंच पुढे सांगायचं."

घळ तांब्याच्या खाणीला द्यायची की नाही, याची सुनावणी गुरुवारी होती. दोन वर्षं मी सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. आता हातात एकच गोष्ट उरली होती, काजळी. राखेच्या रंगाचं, नखाएवढं फुलपाखरू. या घळीबाहेर ते कुठेच नाही, आणि घळीतही सहा वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं. दोन माणसांनी डोळ्यांनी पाहिल्याची सही केली की खाण थांबणार होती. नाहीतर पावसाआधी सुरुंग लागणार होते.

आमची मोजायची पद्धत जुनी आहे. घळ अरुंद, वीस-तीस पावलांवर वळण. घोळक्याने गेलं की फुलपाखरं उडतात. म्हणून एकामागे एक चालायचं, मध्ये एकेक वळण सोडून. पुढचा जे पाहील त्याचं नाव आणि आकडा हलक्या आवाजात सांगतो. मधले ते जसंच्या तसं मागे देतात, शेवटचा लिहितो. मधल्याने विचारायचं नाही, आपलं काही घालायचं नाही. व्हर्नन पुढे, मग लोरेटा, मग चुई, शेवटी मी. आणि व्हर्ननचा एक नियम होता. दहा वाजले की असाल तिथून मागे फिरायचं. जूनमध्ये त्यानंतर पारा एकशे दहा फॅरनहाइटच्या वर जातो.

आठपर्यंत सगळं नेहमीसारखं चाललं. "पिवळी, चार." "निळी, दोन." चुईच्या तोंडून ती नावं किराणा मालाच्या यादीसारखी यायची. मग वारा पडला. तापलेल्या दगडाचा वास घशात बसायला लागला. झुडपांतले किर्र करणारे किडे मध्येच थांबायचे, आणि ते थांबले की आपलेच बूट वाळूत फार मोठ्याने वाजायचे.

नऊ चाळीसला वळणापलीकडून चुई म्हणाला, "काजळी. एक."

माझी पेन्सिल तशीच थांबली. ओरडावंसं वाटलं. पण ओरडले नाही, लिहिलं. थोड्या वेळाने, "काजळी. तीन." मग सात.

दहा वाजले. दहा वाजून पाच मिनिटं झाली. मागे फिरायची हाक देणं शेवटच्या माणसाचं काम असतं, कारण घड्याळ त्याच्याकडे असतं. मी हाक दिली नाही. मला आणखी हव्या होत्या. व्हर्नननाही वेळ कळतच असेल, तरी ते पुढे जातायत म्हणजे त्यांनाही हव्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

अकराच्या सुमारास हवेला ओल्या मातीचा वास आला. त्या घळीत आठ महिने पाऊस नव्हता.

"काजळी. एकोणीस."

साडेअकराला घळ संपली. समोर उभा कडा, पायथ्याशी पाण्याचं खडकातलं कुंड, ठणठणीत कोरडं. व्हर्नन कुंडाच्या काठावर बसले होते. चेहरा लाल, आणि त्यावर घामाचा एकही थेंब नाही. लोरेटा त्यांच्या मानेवर ओला रुमाल धरून होत्या.

"कुठे आहेत?" मी विचारलं.

"तू सांग ना," व्हर्नन म्हणाले. "पाहिल्यास तू."

"मी? मी सगळ्यात मागे होते."

"साडेनऊला मला ओलांडून पुढे गेलीस... बोलली नाहीस. म्हटलं, पोरीला घाई झालीय. मग पुढून तुझा आवाज यायला लागला. मी नुसतं मागे देत होतो."

"तुम्ही स्वतः एकही पाहिली नाही?"

"पाहायचं काम पुढच्याचं," ते म्हणाले आणि कड्याकडे पाहत राहिले. "सारखं वाटलं, तू फार लांब चाललीयस."

"ती सकाळपासून माझ्या मागे आहे, व्हर्नन," लोरेटा हळू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता.

फोनला रेंज नव्हती. चुईने व्हर्ननना पाठीवर घेतलं. लोरेटा वाट काढायला पुढे, चुई मध्ये, मी मागे. एकाच कॅनमध्ये तळाशी पाणी होतं, ते मी व्हर्ननच्या ओठांना लावत होते. ते गिळत नव्हते.

दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर माझ्या मागून, वरच्या बाजूने, हाक आली. हलकी, स्पष्ट, थोडी दमलेली.

"माणसं. चार."

माझाच आवाज होता. माझं तोंड बंद होतं.

चुईने मान न वळवता पुढे दिलं, "माणसं. चार."

"चुई... नको देऊस."

"तूच म्हणालीस ना?"

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय दिसलं असतं, याचा विचार आता मी करत नाही. आम्ही चालत राहिलो. ओल्या मातीचा वास सोबत येत राहिला. गाडी दिसायला दोन वळणं उरली होती.

"माणसं. तीन."

या वेळी चुईने पुढे दिलं नाही. तो थांबला. मेस्कीटच्या काटेरी झाडाच्या सावलीत त्याने व्हर्ननना खाली ठेवलं, गळ्याशी बोटं लावली, आणि मग बोटं काढायला विसरला.

पुढच्या वळणाआडून लोरेटांचा आवाज आला, "काय म्हणालीस, पोरी? शेवटचं ऐकू नाही आलं."

गुरुवारी सुनावणीला कागद माझ्या पिशवीत होता. एकोणीस काजळ्या. लोरेटा बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"आण, सही करते," त्या म्हणाल्या. "नरकात गेले तरी चालेल. घळ तरी राहील."

मी पेन उघडलं होतं. पण न पाहिलेला एक आकडा व्हर्नननी तीस वर्षांत कागदावर येऊ दिला नव्हता. मी उठून सांगितलं की आम्हाला काजळी दिसली नाही. परवानगी बारा मिनिटांत मंजूर झाली.

बाहेर व्हरांड्यात कंपनीचा सर्वेक्षक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्याच वयाचा. हातात घडी घातलेला कागद.

"हे दाखवायची मला परवानगी नाही," तो म्हणाला. "आम्ही मेमध्ये गेलो होतो. तुमचीच पद्धत वापरली. माझा कामातला जोडीदार पुढे, मी लिहायला."

तारीख नऊ मे. आमच्या पाच आठवडे आधीची. सगळीकडे शून्यं. तळाशी त्याच अक्षरात दोन ओळी होत्या: माणसं चार. उतरताना तीन.

"आम्ही दोघंच होतो," तो म्हणाला. "हाक आली, मी लिहिली. नंतर जोडीदार म्हणाला, 'मी फक्त मागे दिली, पुढून बाईचा आवाज आला होता.' मी हसलो त्याला."

"तो कुठे आहे?"

त्याने पार्किंगकडे पाहिलं.

"मघाशी तुम्ही आत बोलायला उभ्या राहिलात ना, तेव्हा तो उठून गेला. गाडीत काचा वर करून बसलाय. तुम्ही इथून जाईपर्यंत उतरणार नाही म्हणतो."