पहिली ताटली

"पहिली ताटली टाकून द्यायची हं, पोरी. मोह धरायचा नाही."

प्रयोगशाळेच्या माशीघरातल्या मावशींनी तिला रुजू झाल्या दिवशीच बजावलं होतं. मावशी सव्वीस वर्षं फळमाश्यांचा स्वयंपाक करत होत्या. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, सगळं एका भल्यामोठ्या पातेल्यात. हातातला डाव न थांबवता त्यांनी रीत सांगितली. पिंजऱ्याखाली फळांच्या रसाची, जेलीसारखी थिजवलेली ताटली ठेवायची. तासाभरात माश्या तिच्यावर अंडी घालतात. ती ताटली फेकायची, दुसरी ठेवायची, आणि दुसरीतलीच अंडी कामाला घ्यायची.

"का पण?"

"माशी लबाड असते गं. मनासारखी जागा मिळेपर्यंत अंडं पोटात धरून बसते. तुला वाटतं आत्ता घातलंय, पण आत कधीपासून वाढत असतं कुणास ठाऊक!"

तिने मान डोलावली. तीन महिने नेमाने पहिली ताटली टाकलीही. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंची शुक्रवारची बैठक दहा दिवसांवर आली. तिला प्रयोगशाळेत आणखी दोन वर्षं ठेवायचं की नाही, ते त्या बैठकीत ठरणार होतं. एकेक तास जपून वापरायचे दिवस, आणि त्यातला एक रोज कचऱ्यात टाकायचा? मावशींचं म्हणणं तिने सरळ कानाआड केलं.

त्याच सकाळी, एका हातात पहिल्या ताटलीतल्या अंड्यांची काचपट्टी आणि दुसऱ्या हातात माश्यांची बाटली घेऊन, ती सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीचा काळा पडदा सारून आत शिरली... आणि बाहेर येणाऱ्या कुणावर तरी धाडकन आदळली.

काचपट्टी वाचली. बाटलीचं कापसाचं बूच मात्र उडालं.

"हलू नका!" ती ओरडली. "तुमच्या केसांत बसलीये एक."

"नर की मादी?" मान जराही न हलवता त्याने विचारलं.

तिने टाचा उंचावल्या. "ते नाही दिसत. पण डोळे पांढरे आहेत. म्हणजे माझीच."

"मग राहू दे की. बसलीये तर."

तो सूक्ष्मदर्शक सांभाळायचा. सगळे त्याला भिंगवाला म्हणत. तीन महिने ती रोज दहा वाजता त्या खोलीत येत होती, पण तिची नजर भिंगातून वर झालीच नव्हती. कोपऱ्यात कुणी बसतं, एवढंच माहीत. आणि सूक्ष्मदर्शकाच्या वेळा राखायच्या नोंदवहीत तिच्या दहाच्या तासानंतर, अकराला, कायम एकच शेरा असतो हेही — 'भिंग सफाई'. फारच टापटिपीचा माणूस दिसतोय, असं तिला वाटायचं. तिचं काम रोज लांबायचं, आणि सफाई बिचारी रोज ताटकळायची.

त्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर हिरवे ठिपके चमकले, तशी ती खुर्चीतून उडालीच.

"बघा, बघा! पाऊण तासाचं अंडं आणि जनुकं चालू!"

"एवढं काय त्यात?" तो म्हणाला.

"एवढं काय? अहो, माशीचं अंडं पहिले जवळजवळ दोन तास स्वतःचं डोकं वापरतच नाही. आईने आत भरून दिलेल्या चिठ्ठ्यांवर चालतं. आता दोन हो, आता चार हो, आता आठ. स्वतःची जनुकं असतात, पण गप्प. मग वेळ झाली की ती चालू होतात, आणि आईच्या चिठ्ठ्या हळूहळू विरून जातात. प्रत्येक ठिपका म्हणजे एकेक जनुक बोलायला लागलंय."

"माझ्या आईच्या काही विरल्या नाहीत," तो हसून म्हणाला. "कालच फोन होता, मोजे वाळत घातलेस का म्हणून."

"घातलेत?"

"...नाही."

त्यानंतर ती आली की खुर्ची तिच्या उंचीला आणून ठेवलेली असायची. ती थंडीने हात चोळायची तेव्हा पंख्याचं तोंड भिंतीकडे वळलेलं दिसायचं. आता तिची नजर भिंगातून मधूनमधून वर होऊ लागली... आणि वर झाली की तो नेमका नोंदवहीत काहीतरी खोडत असायचा.

बुधवारी तो म्हणाला, "एक बोलू? रागवाल."

"मग नका बोलू."

"बोलायलाच हवं. तुम्ही नेहमी एकच कोपरा बघता, मोठा करून, आणि तोही फक्त हिरव्या रंगात. जरा मागे येऊ या?"

त्याने चाक फिरवलं. तांदळाच्या दाण्यासारखं अख्खं अंडं पडद्यावर आलं. कडेला ओळीने, खेटून बसलेली केंद्रकं. ती मोजू लागली आणि थांबली. पाऊण तासाच्या अंड्यात शंभरही नसायला हवीत. इथे हजारो होती.

"हे अडीच तासांचं आहे," तो हळूच म्हणाला. "पहिली ताटली टाकली होतीत ना?"

तिने टाकली नव्हती. म्हणजे घाई अंड्याने केलीच नव्हती. केली होती तिनेच.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी... शंका आली."

"आणि आज बुधवार! दोन दिवस मूग गिळून बसलात?"

"तुम्ही इतक्या आनंदात होतात की —"

"माझ्या आनंदाची नव्हती काळजी करायची. माझ्या शुक्रवारची करायची!"

तिला दार आपटून जायचं होतं. पण त्या खोलीला दार कुठे होतं? काळा पडदा. तो काही केल्या आपटेना. उलट तिच्याच खांद्यावर येऊन पडला, आणि तिला तो सोडवून जावं लागलं.

माशीघरात मावशींनी सगळं ऐकून घेतलं. 'सांगितलं होतं ना' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, याचंच तिला जास्त रडू आलं.

"तो वाईट नाही गं," डाव ठेवत मावशी म्हणाल्या. "जरा भित्रा आहे. तू उतावळी, तो भित्रा. उद्या ये लवकर. नवी ताटली करून ठेवते."

गुरुवारी पहिली ताटली तिने स्वतःच्या हाताने फेकली. दुसरीतलं अगदी ताजं अंडं घेऊन ती गेली, तेव्हा नोंदवहीत संध्याकाळपर्यंत एकच शब्द होता... सफाई, सफाई, सफाई.

"मला अजून राग आहे," खुर्चीत बसत ती म्हणाली.

"असू दे. चुकलंच माझं. सोमवारीच बोलायला हवं होतं."

पडद्यावर अंडं गप्प होतं. केंद्रकं एकदम दुप्पट व्हायची, थांबायची, पुन्हा दुप्पट. ठिपका एकही नाही. बाहेर बारीक भुरभुर चालू झाली होती. खोलीत यंत्राची घरघर आणि दोघांचे श्वास. पहिल्यांदाच तिला कसलीच घाई नव्हती.

"खरं सांगा," पावणेदोन तासांनी ती म्हणाली, "भिंग रोज साफ करावं लागतं?"

त्याने नोंदवही मिटून बाजूला सारली.

"महिन्यातून एकदा."

"मग ते अकराचं..."

"तुमचं काम लांबतं ना. दुसरं कुणी अकराला आलं असतं, तर तुम्हाला उठावं लागलं असतं."

"पण आपण तर परवा-परवा भेटलो! ती माशी केसांत बसली तेव्हा."

"तुम्ही तेव्हा भेटलात," तो अंधारातच म्हणाला. "मी... तीन महिने आधी."

म्हणजे आत्ता बाहेर आलेलं हे इतके दिवस आत धरून ठेवलेलं होतं. पुन्हा तिनेच वय चुकीचं मोजलं होतं!

"लबाड आहेस," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळालं तिचं तिलाच कळलं नाही.

"बघ!" त्याने एकदम तिचा हात धरला. "तिकडे बघ!"

एक हिरवा ठिपका. मग तीन. मग अंधारात दिवे लागावेत तसे कितीतरी, अगदी वेळेवर. हात सोडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

शुक्रवारी तिने दोन्ही चित्रं दाखवली, आधी चुकलेलं, मग बरोबर. चूक कुठे झाली तेही सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "स्वतःची चूक स्वतः पकडून आणलीस?"

"पकडली दुसऱ्याने, बाई. आणली मी."

"मग दोन वर्षं राहा," बाई म्हणाल्या, "आणि त्या दुसऱ्यालाही जरा धरून ठेव."

तिने धरून ठेवलं. दोन वर्षांची आता पाच झालीत. या घडीला दोघं स्वयंपाकघरात भांडतायत. आज सकाळी त्यांची साडेचार महिन्यांची लेक आपली आपण कुशीवर वळली, आणि आधी कुणी पाहिलं यावरून वाद आहे. "आपण शिकवलंच नव्हतं रे," ती पुन्हा पुन्हा म्हणतेय. "तिचं तिनेच चालू केलं!" तो हसतोय, आणि मोजे आजही वाळत घातलेले नाहीत.

हसता हसता तिचे कान मात्र आतल्या खोलीकडे आहेत. लेक झोपलीये. आई दोनदा जाऊन बघून आलीये. तिसऱ्यांदा उठली तर तो चिडवेल, म्हणून नुसतीच चुळबुळतेय. वाचता वाचता तुम्ही त्यांच्या दाराशीच आला आहात, तर तेवढं जरा डोकावता का? चपला काढून, हळूच. पालथी तर झाली नाही ना... आणि पोट वर-खाली होतंय ना, तेवढंच बघून सांगा.