आंब्याच्या वळणावरचं वजन

माझ्या सायकलचं पंक्चर निघेपर्यंत करायचं काय, म्हणून नवीन पनवेलच्या त्या दुकानात मी शेजारच्या लॅपटॉपमध्ये डोकावले. लॅपटॉप निनादचा. डोंगरउतारावर सायकल पळवायचं त्याला वेड. सस्पेन्शनला सेन्सर लावले होते, सॉफ्टवेअरही टाकलं होतं, पण आलेख काही केल्या खरा येईना. मला कुठलं गप्प बसवतंय!

"शून्य कसं लावलंत?"

"सायकलवर बसून."

"म्हणजे तुमचं वजनच त्यानं धरलं नाही. त्याच्या लेखी तुम्ही... भूत आहात."

तो मान खाली घालून हसला. माझं पंक्चर केव्हाच निघालं होतं, पण माझा पाय निघेना.

सायकल अधांतरी उचलून मी नव्याने शून्य लावलं. मग पळस्प्याच्या पुढचा उतार उतरून तो आला, की टपरीवर चहा आणि आलेख, असा नेमच झाला. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

एक गोष्ट मात्र खटकायची. आंब्याच्या वळणावर मागचं सस्पेन्शन दबायचं ते उतार संपेपर्यंत वर यायचंच नाही... दर वेळी. मागे कुणीतरी बसल्यासारखं. शेवटी मी त्याला आलेखातली ती रेघ दाखवली.

"चारुता," तो शांतपणे म्हणाला. "आमचं लग्न ठरलं होतं. तिथेच पडली ती, आणि गेली." मग त्याने विचारलं, "तुझ्या सेटिंगमध्ये चूक असेल का, वल्लरी?"

हो म्हटलं असतं तर मागे कुणी नाहीच असं मानून तो माझा झाला असता. आणि मला तो हवा होता, अगदी वेड्यासारखा.

"नाही," मी म्हणाले. "चूक नाही."

दुसऱ्या दिवशी मावळतीला मी त्याच्याबरोबर वळणापर्यंत चालत गेले. वारा पडला होता, तरी आंब्याची एकच फांदी हलत होती. निनादने हातातल्या सायकलचं मागचं चाक उचलून धरलं, शून्य लावताना धरतो तसं.

"चारू, उतर आता," तो म्हणाला. "मला पुढे जायचंय."

त्या दिवशी तो उतार उतरून आला, तेव्हा रेघ दबली नाही. लॅपटॉप मिटून निनादने माझा हात धरला.

"मला तू आवडतेस... भीती नाही ना वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "पण हात सोडू नकोस."

घरी निघाले. रस्ता सपाट, चाकांत हवा भरपूर, तरी वाटेतल्या पुलाखाली माझी सायकल एकदम जड झाली. निनादच्या सायकलला कॅरियर नव्हतं. माझ्या सायकलला होतं.

मागे न बघता मी म्हटलं, "नीट धरून बस."